पुलावरचा मिस्ड कॉल

पुण्याच्या प्रयोगशाळेत लेक नेमकं करते तरी काय, हे रत्नाबाईंनी भाकऱ्या थापता थापता विचारलं. शेफाली कालच सुट्टीला भोंगवलीत आली होती.

"पेशीत एक नको असलेलं प्रथिन बनतं, आई. आमचं औषध त्याला हातसुद्धा लावत नाही. 'बनव' म्हणून निरोप येतो ना, तो वाटेतच अडवतं. निरोप नाही, तर प्रथिन नाही."

रत्नाबाईंना हे चटकन उमगलं. सारोळ्याचा पूल ओलांडला की टेम्पोतून शेफालीच्या वडलांचा मिस्ड कॉल यायचा. तो आला की मगच त्या त्यांच्या भाकरीचं पीठ मळायला घ्यायच्या.

"मंग निरोप थांबला, की लगीच सगळं थांबतं व्हय?"

"लगेच कुठलं? आधी बनलेलं असतं ना शिल्लक. ते सरायला दोन-तीन दिवस लागतात."

"दोन-तीन दिवसच," रत्नाबाई स्वतःशी पुटपुटल्या.

शेफालीचे वडील जाऊन चौथं वर्ष लागलं होतं. दोघींपुरत्या भाकऱ्या झाल्या, तसा त्यांनी मोबाईल चुलीजवळ ओढून घेतला आणि परातीत आणखी एका भाकरीचं पीठ घेतलं.