स्वप्नातले पाहुणे

"दोन दिवसांत चार किलो वजन वाढलं? मोघेकाका, अशानं फुफ्फुसात पाणी भरेल!" डायलिसिसच्या खुर्चीशी उभी टेक्निशियन करवादली. "घरी पिऊ नये म्हणून स्वप्नात पोटभर पाजतो ना आम्ही?"

"तांब्या तोंडाला लावतो आणि पाहुणे येतात," काका ओशाळले. "सगळं त्यांनाच देतो."

"स्वप्नातल्या पाहुण्यांना?"

"मग काय, दारातून तसेच पाठवू?"

मशीन सुरू झालं. काका स्वप्नातल्या ओसरीवर पोचले, विहिरीचं गार पाणी तांब्यात हललं आणि पाहुणे चपला काढू लागले. काकांनी तांब्या पुढे केला.

खुर्चीशेजारी बसलेल्या काकू त्यांच्या कानाशी वाकल्या.

ओसरीवर आतून आवाज आला, "पाहुण्यांचं मी बघते. तुम्ही प्या आधी."

चाळीस वर्षांत काकांनी हा शब्द कधी मोडला नव्हता. ते निमूटपणे प्याले.