हजार वर्षांचा वाद

सुधन्वा बायबल घेऊन उभा राहिला तशी प्रमोदिनी धास्तावली.

नोएडातल्या तिच्या फ्लॅटमध्ये मराठी ख्रिस्ती कुटुंबांची रविवारची प्रार्थनासभा भरली होती. विषय शेवटच्या काळाचा. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली हजार वर्षं सुधन्वा चक्क मोजून हजार धरायचा. प्रभू येशू परत येणार आणि मग पृथ्वीवर तेवढी वर्षं राज्य करणार. तिचा नवरा सूर्यकांत म्हणायचा, हा आकडा म्हणजे रूपक, प्रभूचं राज्य केव्हाच सुरू झालंय. उन्हाळ्यात सुधन्वाने सभेत आपली बाजू मांडली. सूर्यकांत उत्तर देणार, तोच त्याला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली.

आज तो व्हीलचेअरवर बसला होता आणि त्याच्या वतीने बोलायला उभा राहिला होता सुधन्वाच. त्याला रान मोकळंच मिळालं होतं. नवऱ्याचं आयुष्यभराचं मत हा माणूस दोन वाक्यांत गुंडाळणार आणि त्या बिचाऱ्याला ते समोर बसून मुकाट ऐकावं लागणार, या विचाराने तिला रडू येत होतं.

सुधन्वा बोलू लागला. सूर्यकांतचा एकेक मुद्दा त्याने सावकाश, जीव ओतून उलगडला. नोकरीत असताना ऑफिसला नेणाऱ्या चार्टर्ड बसमध्ये दोघं रोज याच विषयावर भांडायचे, त्यामुळे त्याला सगळं तोंडपाठ होतं. आपल्याच उन्हाळ्यातल्या भाषणातले कच्चे दुवेही त्याने दाखवून दिले. खुद्द सूर्यकांतलाही इतकं सुरेख जमलं नसतं. प्रमोदिनीला हे कबूल करावंच लागलं आणि आपल्या संशयाची लाज वाटली.

गुरुग्रामहून आलेला तरुण नचिकेत खूश झाला. "चलो काका, तुम्हालाही पटलं. वाद मिटला."

"बिल्कुल नाही. माझ्या मते हा साफ चुकतोय," सुधन्वा म्हणाला. "पण त्याला बोलता येत नाही तोवर त्याची बाजू मीच मांडणार."

लोक चहासाठी उठू लागले. सूर्यकांतने डाव्या हाताने सुधन्वाचं बायबल ओढून घेतलं. धडपडत पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सुधन्वाने वाकून वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"वहिनी, चहा थांबवा. सगळ्यांना परत बसवा," तो म्हणाला. "मला ज्याचं उत्तर आजवर देता आलं नाही, तो मुद्दा सांगायचा राहिलाच."