पट्ट्यांना दिलेली हूल

"पुन्हा पकडली तुझी हूल, आत्या!" केतकी आनंदाने ओरडली. ती व्हिडिओ गेमचे कन्सोल बनवणाऱ्या कंपनीत कामाला होती आणि आज आत्याच्या कबड्डी क्लबात तीन कन्सोल घेऊन आली होती.

हातात कांडी धरून खेळायच्या कन्सोलला इंदुमती आत्याने चुटकीसरशी चकवलं. कॅमेऱ्याच्या कन्सोललाही. तिने उजवीकडे खांदा झुकवला, की पडद्यावरचे गडी तिकडे धावत आणि ती डाव्या पायाने एकाला टिपून परत येई. ही हूल तिची आयुष्यभराची कमाई होती.

तिसरा कन्सोल मात्र पोटरीला बांधलेल्या पट्ट्यांतून मज्जातंतूंचे संदेशच वाचायचा. शरीराने काहीही सोंग केलं तरी खरा पाय कुठला, हे त्याला तो उचलण्याआधीच कळायचं.

"आत्या, हूल संपली गं. उद्यापासून मुलींचा सराव याच्यावरच."

भिंतीला टेकलेल्या मुली आत्याकडे बघू लागल्या.

"थांब, एक चढाई करते."

आत्याने जमिनीला हात लावून कपाळाला लावला. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." ती नुसती नाचत राहिली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पट्ट्यांना दोन्ही पायांचे संदेश मिळत होते, पण खरा पाय कुठला ते काही कळेना. पडद्यावरचे गडी गोंधळून जागीच थबकले आणि तेवढ्यात तिचा पाय सुटला.

तिघे बाद! मुलींनी छप्पर डोक्यावर घेतलं.

"आत्या, मनात काय होतं तुझ्या?" केतकीने विचारलं.

"काही नाही," आत्या धापा टाकत हसली. "कुठला पाय जाणार, ते मलाच माहीत नव्हतं. त्याला काय कळणार, कप्पाळ!"