मुंगसाचं काम

हौशीरामआबांनी बराखीच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि सदऱ्याला हात पुसले. आत साठवलेल्या कांद्यात नाग शिरला होता. त्याच्यामागं त्यांनी नातीचा पाळलेला फेरेट सोडला होता. पुण्याहून आणलेल्या त्या लांबट परदेशी जनावराला आबा पहिल्या दिवसापासून मुंगूसच म्हणत आले होते.

तेवढ्यात त्यांची नात समृद्धी मंचरहून त्याच्यासाठी कोंबडीचा खिमा घेऊन आली. पिंजरा उघडा होता. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून तिनं आत ठेवलेल्या बाटलीतला बर्फ पार वितळला होता.

"आबा, चिकू कुठंय?"

"कामाला लावलाय. दोन महिने फुकट गिळतंय. आज नाग धरू दे की."

समृद्धीच्या हातातली पिशवी खाली पडली.

"आबा, ते मुंगूस नाय. त्यानं जन्मात साप बघितला नाय. त्याला धड दिसत बी नाय. हलंल त्याला चावायला जातो, म्हणून तर रोज तुमच्या पायाचा अंगठा धरतो."

आबांचा चेहरा उतरला. त्या अंगठ्यापायी ते रोज सकाळी चहा पिताना चिकूला शिव्या द्यायचे, काठी उगारायचे. मारली मात्र कधीच नव्हती.

समृद्धी दाराकडं धावली. आबांनी तिला मागं ओढलं.

"तू त्या सर्पमित्र रामनाथला फोन लाव. साप धरायची काठी घेऊन ये म्हणावं."

"त्याला कळंबहून यायला अर्धा तास लागंल."

आबांनी कडी काढली आणि दारातच चपला सोडल्या.

"आबा, चपला घाला."

"मग त्याला अंगठा कसा सापडंल?"

गोणपाटं लावल्यामुळं आत अंधुक होतं. उजव्या कोपऱ्यातून फुसकारा आला. आबा जागीच थांबले. ते भ्याले होते. तरी पायाचा अंगठा तेवढा हलवत राहिले.

"चिकू," त्यांनी हाक मारली. हे नाव त्यांच्या तोंडी पहिल्यांदाच आलं. "ये रं."

चार कांदे घरंगळले. अंगठ्याला काहीतरी गार लागलं. आबांनी डोळे मिटून घेतले.

मग दात रुतले. अंगठा सुटेना, उलट रोजच्यासारखा जोर लावून कुणीतरी तो ओढायला लागलं.

"आबा, चावलं का?" दारातून समृद्धीनं विचारलं.

आबांनी अजून डोळे उघडले नव्हते. "चाव, बाळा," ते म्हणत होते. "चाव."