सत्काराची शाल

किल्लारीच्या भूकंपात पडलेल्या घरातून ग्यानोबानं एकच वस्तू धड बाहेर काढली होती, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार. पुढं ती त्याच्या पोरीच्या, पंचशीलाच्या हाती आली. पण वाजवताना मांडीवरून सारखी घसरायची. ओढणीची घडी करून पाहिली, चादर घेऊन पाहिली, काही जमेना.

लातूरच्या क्लासच्या सरांनी तर पहिल्याच दिवशी बजावलं, "बारावी होईस्तोवर तुझं ते तुणतुणं बंद!"

बारावीला पंचशीला बोर्डात आली. क्लासनं भर मंडपात सत्कार ठेवला. सरांनी तिच्या खांद्यावर जाडजूड लोकरी शाल टाकली, नारळ दिला आणि माईकवर गरजले, "या पोरीनं दोन वर्षं गिटारीला हातसुद्धा लावला न्हाई! खरं हाय का न्हाई, सांग सगळ्यांला."

पंचशीलानं समोर बसलेल्या बापाला खूण केली. ग्यानोबा गिटार घेऊनच आला होता. त्यानं ती स्टेजवर नेऊन दिली. पंचशीला खुर्चीत बसली, खांद्यावरची शाल काढून घडी घातली, मांडीवर अंथरली, वर गिटार ठेवली आणि माईक जवळ ओढला.

 

"रोज वाजवली, सर. नुसती घसरायची. आता तुमची शाल हाय, घसरणार न्हाई."