चाकामागचं लिंबू

"लिंबू पुढच्या चाकाखाली ठेवतात, वयनी," शेजारचा बुधाजी म्हणाला.

नंदानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लिंबू घेऊन ती सायकलच्या मागे गेली, वाकली आणि मागच्या चाकाच्या मागे ते मातीत नीट दाबून बसवलं. गाडीच्या पूजेला जमलेली पंधरावीस माणसं हसायला लागली.

"उचल ते," रोहिदास म्हणाला.

"नाय उचलणार. गाडी मागंच जाणार हाय."

भर पूजेत, चारचौघांत नवऱ्याला असं तोंडावर बोलणारी बायको कडाव गावात कुणी पाहिली नव्हती. त्यात नवरा रोहिदास, नाकावर माशी बसू न देणारा. आणि गाडी तरी साधी होती का? रिसॉर्टवरची गवत कापायची मशीन भंगारात निघाली, तिचं इंजिन त्यानं हातापाया पडून मागून आणलेलं. नंदाच्या ब्लाउज बेतायच्या खाकी कागदांवर तीन महिने चित्रं काढली, खोडली, परत काढली. मागच्या चाकावर इंजिन, इंजिनाला एक रोलर, रोलर टायरला घट्ट टेकलेला. रोलर फिरला की चाक फिरणार.

ही काही हौस नव्हती. कळंबच्या रिसॉर्टवर तो माळी होता. गेल्या वर्षी तिथल्याच माडावरून पडला आणि उजवा गुडघा कामातून गेला. पायडल मारताना गुडघा धरला की अर्ध्या वाटेत रस्त्याच्या कडेला बसून राहायचं, दुसरा इलाज नाही. नव्या मॅनेजरनं सरळ सांगून टाकलं होतं, सोमवारी सकाळी सहाला हजर नसलास तर परत येऊच नकोस. आज रविवार होता.

नवराबायकोचं वाजलं होतं पंधरा दिवसांपूर्वी. नंदा घरी शिलाई करायची. त्याचं चित्र तिनं एकदाच पाहिलं.

"अवो, हे उलटं फिरंल. बॉबिनवर दोरा भरताना बघा. बॉबिनचं रबरी चाक मशीनच्या चाकाला टेकलं की दोघं उलट्या बाजूंना फिरतात. तुमचा रोलर पुढं फिरला की गाडी मागं येणार. इंजिन दुसऱ्या बाजूनं बसवा."

"चैन पुढं फिरली की चाक पुढंच जातं ना? मग! तू आपले ब्लाउज शिव."

तेव्हापासून त्या विषयावर बोलणं बंद. एकदा चालवून बघावं म्हटलं तर त्याचा दुसरा हट्ट, नारळ फुटल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. आज तर सकाळीच त्यानं इंजिनावर गोणपाट घालून सुतळीनं आवळलं. म्हणे नजर लागेल. नंदाचं डोकं आधीच तापलेलं होतं. धुणं धुऊन आल्यापासून तिची पिवळ्या दोऱ्याची बॉबिन सापडत नव्हती आणि शाळेच्या बाईंचा पिवळा ब्लाउज तसाच पडून होता.

गाडीचं तोंड डांबरी रस्त्याकडे होतं. मागे दहा पावलांवर कालवा. उन्हाळी भाताला पाणी सोडलेलं, कालवा काठोकाठ भरून वाहत होता. रोहिदासचा गुडघा नीट वाकत नव्हता, पटकन पाय टेकणं त्याला जमणार नव्हतं. लिंबाला हसणाऱ्यांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नाही. नंदाला मात्र पंधरा दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

बुधाजीनं नारळ फोडला.

"हो आता बाजूला," रोहिदास म्हणाला.

बाजूला कुठली होते! पदर खोचून ती कालव्याच्या काठावर गेली आणि दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"काय वयनी, गाडी धरताय काय?" बुधाजीनं विचारलं.

"गाडी गेली तर जाऊ दे. माणूस धरीन."

रोहिदासनं वळून तिच्याकडे पाहिलं. मग सुतळी सोडली. गोणपाट ओढून काढलं आणि तो गाडीवर बसला. नंदाच्यानं बघवेना. गोणपाट निघायच्या आतच तिनं डोळे घट्ट मिटले होते. त्यानं दोरी खेचली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं. पेट्रोलचा वास आला. आवाज वाढला.

अंगावर काही आलं नाही. आवाज लांब लांब गेला. तिनं डोळे उघडले तेव्हा गाडी डांबरी रस्त्याला लागलेली, पुढे, सरळ. सगळे तिच्याकडे बघून हसत होते.

"पुढं गेली की वो वयनी, तुमची मागं जाणारी गाडी!"

तो वाचला याचा तिला आनंदच झाला, अगदी रडू यायचं बाकी होतं. पण कुठेतरी खटकलंही. इतकी वर्षं रोज भरते ती बॉबिन, ती खोटी कशी पडेल?

एसटीच्या थांब्यापर्यंत जाऊन रोहिदास वळला. माणसांतून वाट काढत परत आला आणि गाडी नेमकी त्या लिंबावरून नेली. लिंबू फुटलं. इंजिन बंद करून तो उतरला. तेव्हा कुठे नंदाला इंजिन नीट दिसलं. ते दुसऱ्या बाजूनं बसवलेलं होतं.

"हसताय काय रं?" तो बुधाजीवर खेकसला. "लिंबू बरोबर जागी व्हतं."

मग त्यानं शर्टाच्या खिशात हात घातला आणि नंदाच्या हातावर पिवळ्या दोऱ्याची बॉबिन ठेवली. दोरा ग्रीसनं काळा झाला होता.

"सकाळी धुणं घेऊन गेलीस तवा भरून बघितली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तवाच इंजिन फिरवून बसवलं गं."