पुढून बटणांचा कुर्ता

"वहिनी, श्वास रोखून उभी राहू नकोस. नेहमीसारखी उभी राहा, म्हणजे मला कळेल कुठे ओढलं जातंय ते," दातांत टाचण्या धरून नणंद म्हणाली.

वहिनी आरशासमोर उभी होती, पण बघत होती खिडकीबाहेर. बाहेर गाड्यांच्या टपांवर दंव गोठलं होतं. तिच्या डाव्या बाजूच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली, डॉक्टरांनी ती बाजूच काढून टाकली, आणि त्यानंतर आज ती पहिल्यांदा कामावर निघाली होती. जखम पुरती भरेपर्यंत आत पॅड-बिड काही घालायचं नाही, अशी ताकीद होती. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. त्यामुळे डोक्यातून घालायचे सगळे कुर्ते बाद झाले होते.

नणंद शिवणकाम करायची. तिनं वहिनीचा आवडता जाड कुर्ता समोरून सरळ कापला होता आणि गळ्यापासून कमरेपर्यंत बटणं लावली होती. सगळ्यात आत मऊ सुती बनियन, कारण लोकर थेट व्रणाला लागली की जीव नकोसा होतो. त्यावर पातळ लोकरी स्वेटर, तोही पुढून उघडणारा. मग कुर्ता. कुर्त्यावर रजईसारखे टाके घातलेलं बिनबाह्यांचं जॅकेट. एवढं करून तिचं समाधान होईना, म्हणून शाल डाव्या खांद्यावरून सरळ खाली सोडून तिनं ती कमरेच्या पट्ट्यात खोचली.

"गाठोडं दिसतेय मी," वहिनी म्हणाली.

"या दिवसांत सगळीच गाठोडी असतात. उन्हाळा असता तर माझी अक्कल चालली नसती. थंडीचे उपकार मान आणि निघ."

वहिनीला धास्ती होती ती कामावरच्या बायकांची. चष्म्याची भिंगं तयार करणारा तो कारखाना, आणि त्यातही तिचा विभाग तपासणीचा. दिव्यासमोर भिंग धरायचं आणि त्यात कुठे केसाएवढा ओरखडा दिसतो का ते बघायचं. दिवसभर खोट शोधणं हाच ज्यांच्या पोटाचा धंदा, त्यांच्या नजरेतून एक अख्खी बाजू कशी सुटायची?

पण दारात सुपरवायझरबाई भेटल्या आणि म्हणाल्या, "आलात? सुटले बाई! तुमच्या टेबलावरचा दिवा कुणाच्या बापालाही नीट लावता येत नाही." बाकीच्यांनी कशी आहेस, बरी आहेस ना, असं विचारलं आणि माना पुन्हा दिव्यांकडे वळल्या. वहिनीनं आपला दिवा तिरका केला, पहिलं भिंग उचललं. तरी समोर कुणाची मान वर झाली की तिचा हात आपसूक शालीकडे जायचा.

चहाच्या सुट्टीत तोफ तिच्यापाशी येऊन थांबली. या बाईचा आवाज असा की ती कानात बोलली तरी गेटावरच्या वॉचमनला कळायचं. म्हणून सगळे तिला तोफ म्हणायचे, ती स्वतःही म्हणायची.

"चल जरा आत," तोफेनं वहिनीचा उजवा हात धरला आणि तिला बाथरूममध्ये नेऊन दाराला कडी घातली. वहिनीला वाटलं, आता ही विचारणार, आणि सगळ्या कारखान्यात दवंडी पिटली जाणार.

"खरं खरं सांग," तोफ म्हणाली, "हे घातलंयस कसं? मी कुर्त्यावर स्वेटर चढवला की गुंडाळलेली गादी दिसते. काढला की दात वाजतात. सकाळपासून बघतेय, एवढं सगळं अंगावर घालून तू सरळच्या सरळ!"

वहिनीला हसूच फुटलं. किती दिवसांनी, तिचं तिलाच कळलं नाही.

"अगं, स्वेटर वरून नाही घालायचा. आतून. हे बघ." तिनं शाल काढून तोफेच्या खांद्यावर टाकली. जॅकेट उघडलं. कुर्त्याचं एक बटण, दुसरं, तिसरं. तोफ चिमटीत कापड धरून त्याची जाडी बघत होती. "जाड ते बाहेर, पातळ ते आत. आणि अंगाला फक्त सुती," असं सांगत वहिनीनं स्वेटरही उघडला.

मग ती थांबली. बेसिनवरच्या आरशात उघड्या स्वेटरमधून नुसतं बनियन दिसत होतं, डावीकडे सपाट. तोफेची नजरही तिथंच येऊन थांबली होती.

"इकडे काही नाहीये," वहिनी म्हणाली. "काढलं ते." घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, पण हे वाक्य तिनं अजून घरातही उच्चारलं नव्हतं.

"दुखतं?"

"आता नाही. हात वर केला की ओढतं."

"बरं," तोफ म्हणाली. एवढ्या हळू आवाजात की वहिनीला तिच्याकडे वळून बघावं लागलं. तोफेनं मान खाली घातली, नाक ओढलं, आणि पुन्हा नेहमीच्या आवाजात विचारलं, "आणि पायांत काय घातलंयस? फरशीतून वर चढते ती थंडी कशी थांबवलीस?"

वहिनीनं कुर्ता जरा वर उचलून दाखवलं. लेगिंगवर लोकरी मोजे, त्यांवर आणखी एक जोड, ढगळ, बाप्यांचा.

"नवऱ्याचे?"

"आणि तो आज अनवाणी शोधत फिरत असेल."

तोफ अशी हसली की आरसा हादरला. लगेच बाहेरून दारावर थाप पडली. "अगं, काय चाललंय काय आत?"

"थांबा जरा!" तोफ ओरडली. "कपडे बघतोय आम्ही!"

वहिनी सावकाश, खालच्या बटणापासून सुरुवात करून, स्वेटर लावू लागली.